'बॉम्बे' रक्तगटाचा शोध आणि आपली कोकणपट्टी

आपल्या पॅरिशच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी आम्ही एखादा ऐतिहासिक लेख लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाने आम्हांस आज्ञा केली. चर्चच्या इमारतीचा, शाळेचा आणि येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तान्त अन्य लेखकांनी या अंकात दिलेलाच आहे. त्याची पुनरुक्ती करण्यापेक्षा, ज्याचा संबंध आपल्या घराण्यांशी अतिशय निकटचा आहे परंतु ज्याची वार्ता आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानी गेली असेल, असा एक विषय वाचकांपुढे मांडावा असे आमच्या मनाने घेतले. तो विषय म्हणजे मुंबईच्या परळ भागातील एका प्रयोगशाळेत लागलेला, आणि पुढे जगभरच्या वैद्यकग्रंथांत आपल्या राजधानीचे नाव कायमचे कोरून गेलेला, रक्ताचा एक शोध होय.

परळ हे स्थळ मालवणच्या वाचकांस परके नाही. ज्या काळी आजचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होता (स्वतंत्र जिल्हा १९८१ साली झाला), त्या काळी आपल्या किनाऱ्यावरील कर्ता पुरुष आगबोटीत बसून मुंबईस जाई आणि गिरणगावातील एखाद्या चाळीत, एका खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांसह, बिऱ्हाड करी. गिरण्यांच्या मजुरांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा फार मोठा होता. त्या वस्तीच्या मध्यावर १९२६ साली राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे ज्यास आपण सारे 'केईएम' म्हणतो ते, उघडले. त्यास जोडूनच सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीतून वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. या महाविद्यालयातील अध्यापक भारतीयच असावेत, अशी त्या देणगीची अट होती. परकीय राज्यात अशी अट घालणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. त्या अटीचे फळ पुढे पंचवीस वर्षांनी कसे मिळाले, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम मागील इतिहास थोडक्यात पाहू. एकाचे रक्त दुसऱ्याच्या देहात घालून त्यास वाचवावे, ही कल्पना जुनी आहे. १६६७ साली पॅरिसमध्ये झाँ देनी नामक वैद्याने एका मुलाच्या शिरेत मेंढीच्या कोकराचे रक्त घातले. काही रोगी निभावले, एक दगावला, आणि तो प्रकार कायद्याने बंद पडला. १८१८ साली लंडनमध्ये जेम्स ब्लंडेल याने माणसास माणसाचेच रक्त देण्याचा प्रयोग केला. बाळंतपणात रक्तस्रावाने डोळ्यांदेखत प्राण सोडणाऱ्या स्त्रियांच्या करुणेने तो या मार्गास लागला होता. त्याचे काही रोगी वाचले व काही मेले; एक का वाचतो आणि दुसरा का मरतो, हे मात्र कोणासच सांगता येईना.

त्या कोड्याचा उलगडा व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी १९००-१९०१ या काळात केला. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांचे रक्त घेऊन त्यातील तांबड्या पेशी व पातळ रक्तद्रव वेगळे केले आणि एकाच्या पेशी दुसऱ्याच्या द्रवात मिसळून पाहिल्या. कोठे पेशी सुट्या राहिल्या, तर कोठे फुटलेल्या दुधासारखे त्यांचे पुंजके झाले. या एवढ्याशा निरीक्षणातून 'ए', 'बी' आणि 'ओ' हे गट निघाले. पुढच्याच वर्षी 'एबी' हा चौथा गट सापडला. ज्याच्या पेशींवर 'ए'ची खूण, त्याच्या द्रवात 'बी'च्या विरोधी द्रव्य; ज्याच्या पेशींवर 'बी', त्याच्या द्रवात 'ए'च्या विरोधी; ज्यावर दोन्ही खुणा, त्याच्याजवळ विरोधी द्रव्य कोणतेच नाही; आणि ज्यावर एकही खूण नाही, त्या 'ओ'च्या द्रवात दोहोंच्या विरोधी. या शोधाबद्दल लँडस्टायनर यांस १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९१४ साली सायट्रेट नामक क्षार घातल्यास बाटलीतील रक्त गोठत नाही, हे सिद्ध झाले, आणि दोन महायुद्धांच्या रणांगणांवर या विद्येने असंख्य जिवांस तारले. हिर्शफेल्ड या दांपत्याने पहिल्या महायुद्धात मॅसिडोनियाच्या आघाडीवर नाना देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले व १९१९ साली असे प्रसिद्ध केले की, युरोपीय लोकांच्या मानाने हिंदी सैनिकांत 'बी' गट पुष्कळच अधिक आहे. त्या सैनिकांत आपल्या मुलखातील शिपाईही असतील. पण तो केवळ आमचा तर्क.

याप्रमाणे पन्नास वर्षे लोटली. मनुष्यजातीचे चार वर्ग, आणि त्यांत 'ओ' हा सर्वांस चालणारा दाता, ही समजूत पक्की झाली. 'ओ'च्या पेशींवर काहीच नसते, मग तिला कोण विरोध करणार, असा हा साधा हिशेब होता. या हिशेबास धक्का बसला तो परळला.

सेठ गोरधनदास सुंदरदास महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे हे विकृतिशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्यासमवेत डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया हे सहकारी होते. त्यांच्यासमोर अशा तीन व्यक्तींचे रक्त आले की, ज्यांच्या पेशींवर 'ए'ही नव्हता व 'बी'ही नव्हता. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे चिठ्ठीवर 'ओ' लिहून मोकळे व्हावयाचे. परंतु त्यांच्या रक्तद्रवात 'ओ' गटाच्या पेशी मिसळताच त्यांचेही पुंजके झाले! जे द्रव्य 'ए'ला मारते, 'बी'ला मारते, आणि वर 'ओ'लाही मारते, असे द्रव्य पुस्तकांत कोठेच नव्हते. अशा माणसास जगातील कोणत्याही रक्तपेढीतील कोणतीही बाटली चालू नये, असा त्याचा सरळ अर्थ होता.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. कामाच्या गर्दीत असे विचित्र फळ हाती आले असता, 'काचपट्टी अस्वच्छ असेल', 'द्रव शिळा झाला असेल', असे म्हणून ते मोरीत ओतून टाकणे किती सोपे होते! आजवर कितीकांनी ते तसे ओतून टाकलेही असेल. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी ते ओतले नाही, पुनःपुन्हा तपासले. आणि नंतर ते नमुने लंडनच्या लिस्टर संस्थेत पाठविले. तेथे रक्तगटांच्या संशोधनात अग्रगण्य असे डॉ. आर. आर. रेस व डॉ. रूथ सँगर होते, आणि रक्तातील या खुणांचे रसायन उकलण्यात गढलेले डॉ. डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व डॉ. विनिफ्रेड वॉटकिन्स होते. या सात जणांच्या नावाने १९५२ सालच्या मे महिन्यात 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात अवघ्या दोन पानांचा एक निबंध छापून आला. त्यात पहिले नाव भेंडे यांचे होते. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे होत होती. ज्या महाविद्यालयात भारतीयांनीच शिकवावे अशी एका दात्याच्या वारसांची हौस होती, तेथील एका भारतीयाने जगाच्या वैद्यकास एक नवा धडा दिला.

तो धडा कोणता, हे समजून घेण्यासाठी आपल्या घराचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे घर बांधावयाचे तर प्रथम चिऱ्यांचे जोते घालतात आणि मग त्यावर भिंत उचलतात. तांबड्या पेशीवरही असेच एक जोते असते; त्यास शास्त्रज्ञ 'एच' म्हणतात. फुकोज नावाच्या साखरेचा एक कण विशिष्ट जागी बसला म्हणजे हे जोते तयार होते. ज्याच्या वारशात 'ए' आहे, त्याच्या देहातील गवंडी या जोत्यावर एका प्रकारचा चिरा ठेवतो. ज्याच्या वारशात 'बी' आहे, त्याचा गवंडी दुसऱ्या प्रकारचा. 'ओ' गटाच्या मनुष्याजवळ यांपैकी कोणताच गवंडी नसतो, म्हणून त्याचे जोते उघडे राहते. म्हणजे 'ओ'वर काहीच नाही, ही पन्नास वर्षांची समजूत अपुरी होती. 'ओ'वर जोते आहे. परंतु भेंडे यांना आढळलेल्या तीन व्यक्तींत ते जोतेच नव्हते. जोते नाही म्हणून भिंत नाही. आणि जोते हेच त्यांच्या देहास परके, म्हणून ज्या ज्या रक्तात जोते आहे, म्हणजे अवघ्या जगाच्या रक्तात, ते त्यास शत्रू मानून त्यावर तुटून पडत होते.

हे जोते घालणारा जो विकर, त्याचा आदेश एकोणिसाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतो, व त्या आदेशातील बिघाड नेमका कोणता, हे १९९० नंतरच्या दशकात उघड झाले. पण सारे मूळ त्या दोन पानांत होते. ज्या नगरीत हा गट सापडला तिच्या नावाने तो 'बॉम्बे' म्हणून ओळखला जाऊ लागला. १९९५ साली नगरीचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले; रक्ताने मात्र जुने नाव टाकलेले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा गट म्हणजे रोग नव्हे. अशी व्यक्ती आपल्यासारखीच निरोगी असते. समुद्रावर होडी घालते, शेत नांगरते, लेकरांस जन्म देते, आणि कित्येकदा आपल्या रक्ताचे वेगळेपण न कळताच जन्म काढून मातीआड जाते. संकट येते ते केवळ तिला रक्त घ्यावे लागेल त्या दिवशी. त्या दिवशी तिला तिच्यासारख्याच दुसऱ्या मनुष्याचे रक्त हवे. अन्य कोणाचे चालत नाही. 'ओ' समजून 'ओ'चे दिले, तर दिलेल्या पेशी शिरांतच फुटतात, थंडी भरून येते, कंबर फुटल्यासारखी दुखते, लघवी काळवंडते, मूत्रपिंडे बंद पडतात आणि प्राण जाण्याचा प्रसंग येतो. वाचवावयास दिलेले रक्तच मारक ठरते.

दुसरे एक संकट आहे, ते देहाचे नव्हे तर अब्रूचे. १९५५ साली अमेरिकेतील डॉ. फिलिप लेव्हिन व त्यांचे सहकारी यांनी एका इटालियन वंशाच्या कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यातील एक स्त्री तपासणीत 'ओ' भासे, परंतु तिच्या अपत्यात 'बी'चा वारसा आईकडून आलेला दिसत होता. खऱ्या 'ओ' गटाच्या आईस ते अशक्य. उलगडा असा की, त्या स्त्रीजवळ 'बी'चा गवंडी होता, पण तिच्या पेशींवर जोते नसल्यामुळे तो रिकाम्या हातांनी उभा होता. अपत्यास बापाकडून जोते मिळाले आणि आजोळचा 'बी' पुन्हा प्रकट झाला. शास्त्राच्या दृष्टीने हा अनुवंशाचा एक सुंदर पुरावा होय. परंतु आमच्यासारख्या धर्मगुरूच्या मनात त्याने निराळाच विचार उभा केला. आई 'बॉम्बे' असली तर असे कोडे पडते; आणि बाप 'बॉम्बे' असला तर? तेव्हा चिठ्ठीवर बाप 'ओ', आई 'ओ', आणि मूल 'बी', असे दिसेल. आणि बोट कोणाकडे दाखविले जाईल, हे सांगावयास नको.

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. आमच्या सेवाकाळात, स्थळ व काळ सांगणे उचित नाही, एक वृद्ध सासूबाई रक्तगटाच्या तीन चिठ्ठ्या पदरात बांधून आमच्याकडे आल्या होत्या. मुलाची, सुनेची आणि नातवाची. त्या चिठ्ठ्यांचा मेळ बसत नाही, असे कोणी शेजाऱ्याने त्यांना हिशेब करून दाखविले होते, आणि घरात सुनेशी बोलणे बंद झाले होते. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, "मावशी, कागदावर विश्वास ठेवण्याआधी कागद बरोबर आहे का ते पाहूया." तिघांचीही तपासणी मोठ्या रुग्णालयात पुन्हा झाली, आणि निघाले असे की, मुलाची पहिली चिठ्ठीच चुकीची होती. तेथे 'बॉम्बे' नव्हता, नुसता निष्काळजीपणा होता. पण त्या चार महिन्यांत त्या मुलीने जे अश्रू गाळले, त्यांचा हिशेब कोणत्या प्रयोगशाळेने द्यावा? रक्तगटाची चिठ्ठी हा चारित्र्याचा दाखला नव्हे. अशा संशयाच्या प्रसंगी 'बॉम्बे' गटाची शक्यता असते, हे भेंडे यांच्या शोधानंतर तरी प्रत्येक शहाण्या माणसाने ध्यानी ठेवावे.

आता त्या संशोधकांच्या पुढील कार्याकडे वळू. भेंडे यांनी विकृतिशास्त्रावर लिहिलेले पाठ्यपुस्तक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासिले. त्यांचे सहकारी डॉ. भाटिया यांनी तर सारे आयुष्यच रक्तगटांस वाहिले. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने परळलाच रक्तगट संदर्भ केंद्र स्थापिले, आणि त्याची धुरा भाटिया यांनी वाहिली. हेच केंद्र पुढे वाढत जाऊन आज केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून नांदत आहे. देशातील कोणत्याही रुग्णालयात रक्ताचे कोडे पडले की नमुना परळकडे धाडावा, असा प्रघात पडला. १९७३ साली याच केंद्रातील डॉ. बडकेरे, डॉ. जोशी, डॉ. भाटिया प्रभृतींनी रक्तातील आणखी एक नवी खूण शोधून काढली. ती भारतीय लोकांत प्रथम आढळली म्हणून तिला 'इंडियन' असेच नाव पडले. एकाच प्रयोगशाळेने जगाच्या रक्तगटांच्या यादीत 'बॉम्बे' व 'इंडियन' अशी दोन नावे घालावीत, हा मान लहान नव्हे.

'बॉम्बे' गटाची मोजदाद करण्याचे कष्टही याच मंडळींनी घेतले. १९७४ साली भाटिया व साठे यांनी असे दाखविले की, मुंबईत सुमारे ७,६०० माणसांत एक या गटाचा आहे. युरोपात हेच प्रमाण दहा लाखांत एखाद-दुसरा किंवा चार इतके अल्प आहे. पुढील पाहणीत भारतात सापडलेल्या अशा कुटुंबांत महाराष्ट्रातील कुटुंबांचा वाटा सर्वांत मोठा ठरला; शेजारच्या कर्नाटकात व गोव्यातही ती आढळली. हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावरही हा गट सापडतो. २०११ च्या खानेसुमारीत आपल्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली. मुंबईचे प्रमाण येथे लागू धरले तर या जिल्ह्यात शंभरावर माणसे या गटाची असावीत. हा आमचा नुसता त्रैराशिकाचा हिशेब आहे, पाहणी नव्हे; तरी तो मनाला हलवितो. ती शंभर माणसे कोण? ती आपापल्या चिठ्ठीवर 'ओ' वाचून निश्चिंत तर नाहीत ना?

या संशोधनात आपल्या स्वयंपाकघरानेही हातभार लावला आहे, हे सांगितल्यास वाचकांस मौज वाटेल. 'ए' गटाचे दोन पोटभेद आहेत. ते ओळखण्यास उपयोगी पडेल असे द्रव्य १९५१ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांना एका कडधान्याच्या बियांच्या अर्कात सापडले. ते कडधान्य म्हणजे आपले कुळीथ! ज्या कुळथाची पिठी आपण पावसाळ्यात भाताबरोबर जेवतो, त्याच्या दाण्यांचा अर्क आजही जगभरच्या रक्तपेढ्यांत वापरला जातो. आणि वर सांगितलेले 'एच'चे जोते आहे की नाही, हे पाहण्यासाठी युरोपातील एका काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या बिया उपयोगी पडतात.

आता आपल्या पॅरिशच्या वह्यांचा संबंध येतो. 'बॉम्बे' गटाचे मूल जन्मास यावयाचे तर आई व बाप दोघांकडूनही जोत्याचा बिघडलेला आदेश त्यास मिळावा लागतो. ज्याच्याजवळ एक आदेश बिघडलेला व एक शाबूत, तो मनुष्य नुसता वाहक. त्याच्या रक्तात काहीच उणे दिसत नाही. ७,६०० माणसांत एक हा गट प्रकट होतो असे धरल्यास, गणिताने वाहकांचे प्रमाण सुमारे चव्वेचाळिसांत एक इतके पडते. एवढे वाहक असूनही गट दुर्मीळ का? तर दोन वाहकांची गाठ क्वचित पडते म्हणून. परंतु नवराबायको एकाच आजोबांची नातवंडे असतील, तर एकच बिघडलेला आदेश दोन्ही वाटांनी येऊन मुलात एकत्र होण्याचा संभव वाढतो. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या विवाहात तो आमच्या हिशेबाने सहापट होतो. भाटिया व संघवी यांनी १९६२ सालीच 'बॉम्बे' गट आणि रक्तसंबंधातील विवाह यांच्या नात्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपल्या ख्रिस्तसभेच्या कायद्याने चुलत, मामे, आते भावंडांच्या विवाहास मनाई आहे, व बिशपांची सूट मिळाल्याखेरीज तो लागत नाही. लग्नापूर्वी आम्ही आजोबा-पणजोबांची नावे खोदून खोदून विचारतो, तेव्हा काही तरुण मंडळी गालांतल्या गालांत हसतात, हे आम्हांस ठाऊक आहे. हा नियम रक्तविज्ञानासाठी केलेला नाही, तसे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्या जुन्या वह्यांतील नातेसंबंध रक्ताच्या शोधातही कामास येण्यासारखे आहेत, हे मात्र खरे.

कारण असे की, जो बिघाड कुटुंबातून येतो, त्याचा उपायही कुटुंबातच सापडतो. एखाद्याचा गट 'बॉम्बे' निघाला तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावा-बहिणीचा तोच गट असण्याचा संभव चारांत एक इतका असतो. अनोळखी गर्दीत ७,६०० माणसे धुंडाळून जो एक मिळावयाचा, तो स्वतःच्या अंगणात चार जणांत एक मिळू शकतो. म्हणून शहाणी रक्तपेढी असा मनुष्य सापडताच प्रथम त्याच्या भावंडांस बोलावते. ज्या भावाशी कुंपणाच्या वादावरून दहा वर्षे अबोला धरला, त्याच भावाच्या दंडातील बाटलीभर रक्तावर आपला प्राण अवलंबून असू शकतो. याहून अधिक प्रवचन आम्ही करीत नाही.

मग 'ओ' व 'बॉम्बे' यांत फरक ओळखावा कसा? पेशींवर नुसते 'ए' व 'बी' यांचे थेंब टाकून केलेल्या घाईच्या तपासणीत दोन्ही सारखेच दिसतात, आणि शाळेच्या दाखल्यावरील वा गाडीच्या परवान्यावरील गट पुष्कळदा अशाच तपासणीचा असतो. खरी तपासणी दुहेरी असते. पेशी तर पहावयाच्याच, पण रक्तद्रवही 'ए', 'बी' व 'ओ' या तिन्ही पेशींवर घालून पहावयाचा. 'ओ'च्या पेशींचेही पुंजके झाले तर सावध व्हावे. शिवाय रक्त चढविण्यापूर्वी दात्याचे व रोग्याचे रक्त एकत्र करून जुळणी पाहतात. तीही कधी चुकवू नये. आपल्या मुलखात अपघाताचा किंवा अडलेल्या बाळंतिणीचा रोगी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून पुढे गोव्यास बांबोळीला न्यावा लागण्याचे प्रसंग येतात. अशा धावपळीत, मध्यरात्री, 'बॉम्बे' दात्याचा शोध नव्याने सुरू करणे म्हणजे घरास आग लागल्यावर विहीर खणणे होय. रक्त साध्या शीतपेटीत पाच-सहा आठवडेच टिकते. म्हणून रक्तापेक्षा दात्यांची यादी तयार ठेवणे हाच दुर्मीळ गटांचा खरा साठा आहे.

रक्त कारखान्यात होत नाही, आणि आता ते विकतही घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्याचा धंदा बंद झाला. श्रीमंत असो वा गरीब, त्यास आता दुसऱ्या मनुष्याच्या स्वेच्छेवरच विसंबावे लागते. 'बॉम्बे' गटाच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच खरी; तेथे साऱ्या जिल्ह्याची संपत्ती एकीकडे, आणि एका कोळ्याचा किंवा एका शेतकऱ्याचा होकार दुसरीकडे.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षी आमची वाचकांस तीन विनंत्या आहेत. पहिली, ज्यांच्या चिठ्ठीवर 'ओ' आहे त्यांनी एकवार रक्तपेढीत जाऊन दुहेरी तपासणी करवून घ्यावी. रक्तदान केले की ती आपोआपच होते. दुसरी, कोणाचा गट 'बॉम्बे' निघाल्यास त्याने घाबरून न जाता आपल्या भावंडांसही तपासणीस न्यावे आणि आपले नाव दुर्मीळ दात्यांच्या यादीत घालावे. तिसरी, रक्तगटाच्या कागदावरून कोणत्याही घरातील लेकी-सुनेवर संशय घेऊ नये.

आपल्या पॅरिशच्या वह्यांत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी आहेत. त्यांतील पानोपानी ज्या घराण्यांची नावे आहेत, त्यांचे पुत्र गिरणगावात राबले आणि आजारी पडल्यावर केईएमच्या दारात जाऊन उभे राहिले. त्याच दारापलीकडे, एका काचपट्टीवरचे विचित्र पुंजके मोरीत न ओतता, तीन माणसे ती पुन्हा पुन्हा पाहत बसली होती. त्यांच्या त्या चिकाटीमुळे आज कोठे तरी एखादा मनुष्य चुकीची बाटली लागण्यापूर्वी वाचतो. त्यांचे हे ऋण आपल्या मुलखावर आहे. आणि ते फेडण्याचा मार्ग जवळच्या रक्तपेढीतूनच जातो.